सातवी मात्रा आणि उरलेला श्वास

माउथ ऑर्गन या वाद्याच्या वाट्याला आपल्याकडे कौतुक आले, थट्टाही आली. समीक्षा मात्र आली नाही. सहलीची बस, स्काउटची शेकोटी, आणि गॅदरिंगमध्ये दोन नाटुकल्यांच्या मध्ये पडद्यामागे टेबले सरकवली जात असतानाची दहा मिनिटे ही त्याची हक्काची ठिकाणे. हिंदी चित्रपटाने त्याला थोडी प्रतिष्ठा दिली. १९५८ च्या 'सोलवा साल'मधील प्रसिद्ध माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेला, १९६४ च्या 'दोस्ती'मधलाही त्यांचाच. १९७५ च्या 'शोले'त अमिताभ बच्चन ओसरीवर बसून ओठांना लावतो त्या वाद्यातला श्वास भानू गुप्ता यांचा. या चाली घराघरांत गेल्या. पण त्या ऐकताना कोणाला मात्रा मोजाव्या लागल्या नाहीत. पाय आपोआप हलतो, अशा त्या सरळ वाटेच्या चाली.

सरळ वाटेची नसलेली चाल या वाद्यावर आली तर काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय. तो मला सुचला तो हैदराबादेत, बेगमबाजारात. आणि सुचला तो एका ओवीमुळे. ओवी आणि माउथ ऑर्गन! वाचकांपैकी काहींच्या भुवया उंचावतील. उंचावू द्याव्यात, कारण माझ्याही उंचावल्या होत्या.

बेगमबाजार आपल्या भागातील लोकांना सांगायला नको. देगलूर, उदगीर, भालकी, बिदर या पट्ट्यातील किती लग्नांची भांडी, सुकामेवा आणि आहेराच्या वस्तू तिथून आल्या असतील याची गणती नाही. निजाम अली खान यांची बेगम हमदा यांनी ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. दुकाने मारवाड्यांची, गुजरात्यांची, माल उतरवणारे तेलुगू, घासाघीस दखनीत. आणि मधूनच एखाद्या अरुंद जिन्यावरून मराठी हाक ऐकू येते. दखनीतला 'नक्को' हा आपलाच 'नको' आहे हे भाषेचे विद्यार्थी जाणतातच. गौलीगुड्याचा तो विमानाच्या शेडसारखा जुना बसस्टँड २०१८ साली कोसळला, पण आमच्याकडची मंडळी अजून 'गौलीगुड्याला उतरलो' असेच म्हणतात. असो.

माझी मामी लग्न होऊन या बाजारात आली ती देगलूरकडच्या एका खेड्यातून. सोबत जाते आणले. आता ते जिन्याखाली असते आणि त्यावर रद्दीचे गठ्ठे असतात. तिचा नातू, म्हणजे माझ्या मामेभावाचा मुलगा, एका क्रॉकरीच्या ठोक दुकानात हिशेब लिहितो आणि माउथ ऑर्गन वाजवतो. इंग्रजी शाळेत शिकला. मराठी बोलतो बरी, वाचतो अडखळत. आजीची ओवी त्याला शब्दांनी येत नाही, चालीने येते. गेल्या कोजागरीला गच्चीवर त्याने ती वाजवली. तबल्यावर ओळखीचे एक गृहस्थ होते. त्यांनी केरवा धरला, आठ मात्रांचा. दूध आटत होते, लोक खूश होते, टाळ्याही पडल्या. फक्त मामी म्हणाली, "आरं, जातं आसं फिरतंय का?"

या वाक्यात जी समीक्षा आहे तिचे विवरण करावे एवढाच माझा उद्देश.

प्रथम चाल. तिचे स्वर फार थोडे. पहिला चरण साधारण असा आहे: सा रे ग । रे ग रे सा. तीन आणि चार, मिळून सात. हे सात आले कुठून? जात्याजवळ बसलेल्या बाईला ताल माहीत नसतो, खुंटा माहीत असतो. मामीने हात फिरवून दाखवले. खुंटा आपल्याकडे ओढताना जोर लागतो, ती ओढ भराभर संपवावी लागते. पलीकडे लोटताना दगड स्वतःच्या वजनाने थोडा आपण होऊन जातो, तिथे हात निवांत असतो. ओढीला तीन, लोटण्याला चार. प्रत्येक जाते असेच फिरते असे मी म्हणणार नाही. दगडाचे वजन, दळणारणीचा बांधा, एकटी बसली की दोघी, यावर सारे अवलंबून. पण या घरातली ही ओवी या जात्याने अशी घडवली.

दुसरा चरण पाहा: सा रे ग । रे – – सा. चौथ्या मात्रेवर आलेला ऋषभ तीन मात्रा लांबतो. मामी गाते तेव्हा त्या लांबलेल्या ऋषभावर 'बाई ग' असते. या दोन शब्दांना अर्थाच्या दृष्टीने काहीच काम नाही. ओवी वाचणाऱ्याला ते भरतीचे वाटतात. तिसरा चरण पहिल्यासारखा, आणि शेवटचा आखूड चरण षड्जावर येऊन मध्येच थांबतो. साडेतीन चरणांची ओवी म्हणून आपण वर्गात जे शिकवतो, त्यातला हा अर्धा. त्या थांबण्यात एक हात खुंट्यावर राहतो आणि दुसरा सुपातली मूठभर वैरण जात्याच्या तोंडात घालतो.

आता वाद्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भाषिक प्रदेशात माउथ ऑर्गन जन्मला. मोकळ्या पट्टीतून वारा सोडून स्वर काढण्याची कल्पना त्याच्या कितीतरी आधी चीनमधल्या शेंग या वाद्यात होती. १८५७ मध्ये ट्रॉसिंगेन गावी माथियास होनर याने कारखाना काढला आणि हे वाद्य जगाच्या खिशात गेले. आपली पेटी याच कुळातली. पण पेटीचा भाता हाताने चालतो, म्हणून वाजवणाऱ्याच्या छातीला काही कळत नाही. माउथ ऑर्गनचा भाता म्हणजे आपली फुप्फुसे. नेहमीच्या साध्या वाद्यात मधल्या सप्तकाचे सा, ग, प हे फुंकीचे स्वर. रे, म, ध, नी हे ओढीचे. म्हणजे कोणता स्वर हवा यावर श्वास बाहेर जाणार की आत येणार हे ठरते. वाजवणाऱ्याला त्यात निवड नाही. जर्मन लोकगीतांना घरबसल्या साथ व्हावी म्हणून केलेली ही मांडणी. नुसते फुंकले की सा-ग-प एकत्र वाजून गाणे घरी पोचल्यासारखे वाटते.

गायिका श्वास घेते तेव्हा ती गप्प असते. माउथ ऑर्गनवर श्वास घेणे हाही स्वरच. गाण्यातली जी जागा कानाला रिकामी होती ती इथे बोलू लागते. या वाद्याचे सारे सौंदर्य आणि सारी अडचण यातच आहे.

हिशेब करून पाहा. दिवाळीच्या दिवसांत हिशेबाची वही उघडीच असते. पहिला चरण: सा फुंक, रे ओढ, ग फुंक, रे ओढ, ग फुंक, रे ओढ, सा फुंक. चार मात्रा बाहेर, तीन आत. एक मात्रा श्वास कमी पडला. आठ मात्रांची चाल असती तर एक-आड-एक स्वरांत चार बाहेर, चार आत होऊन खाते मिटले असते. सातात ते मिटत नाही, कारण सात ही विषम संख्या आहे. पहिलाच चरण पुन्हा पुन्हा वाजवला तर प्रत्येक फेऱ्याला एक मात्रा उधारी चढते आणि सहाव्या-सातव्या फेऱ्याला छाती रिकामी होते. मग वादक काय करतो? चरणाच्या शेवटी एक मात्रा थांबून श्वास घेतो. सात अधिक एक, आठ. तबलजी लगेच केरवा धरतो. कोणी कट केलेला नसतो, कोणाची नियतही वाईट नसते. छातीने मागितलेली एक मात्रा तालाने कायमची पदरात पाडून घेतलेली असते.

पण मूळ ओवी एका चरणाची नाही. दुसऱ्या चरणात लांबलेला ऋषभ आहे, आणि ऋषभ ओढीचा आहे! सा फुंक, रे ओढ, ग फुंक, मग तीन मात्रा ओढ, शेवटी सा फुंक. तीन बाहेर, चार आत. पहिल्या चरणाची उधारी दुसऱ्याने फेडली. दोन चरण मिळून सात बाहेर, सात आत. आठवी मात्रा कुठेच लागत नाही. तिसऱ्या चरणात पुन्हा एक मात्रा कमी पडते, आणि ती भरून काढायला शेवटच्या अर्ध्या चरणानंतरची वैरणीची उसंत आहेच. जात्याने घडवलेली चाल एका परक्या वाद्याच्या श्वासात अशी चपखल बसावी हा योगायोगच म्हणायचा. मात्र त्या योगायोगाचा लाभ घ्यायचा तर 'बाई ग' पाहिजे.

आणि आमच्या चिरंजीवांनी नेमके तेच गाळले होते. दुसरा चरण तो पहिल्यासारखाच वाजवत होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, "काका, तिथं आजीचे शब्द संपतात, म्हणून मी लांबवलं नाही." शब्दांचा अर्थ ज्याला धड लागत नाही त्याने अर्थशून्य शब्द तेवढे अचूक ओळखून काढून टाकले. गंमत आहे.

त्याला तरी दोष कसा द्यावा? आपल्या विद्वानांनीही हेच केले आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या, हैदराबादेत मराठी शिकवणाऱ्या ना. गो. नांदापूरकरांनी मराठवाड्यातल्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड उभे केले. या सर्वांचे ऋण फेडता येणार नाही. परंतु छापील ओवीत 'बाई ग' बहुधा नसते. संपादकाच्या दृष्टीने ती भरती, आणि कागद महाग. छापील ओवी वाचून आपण भाऊ-बहिणीचे प्रेम, सासुरवास, पंढरीची ओढ यांवर निबंध लिहिले, विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतले. छंदाची चर्चा निघाली की ओवीत अक्षरसंख्या अनियमित असते एवढे सांगून पुढे गेलो. अनियमितता कागदावरची आहे. तोंडातली ओवी भरतीच्या शब्दांसह मोजली तर तिचा हिशेब बिनचूक असतो. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही केल्या. 'पारी' या संग्रहातून त्या २०१७ पासून लोकांपुढे येत आहेत. ज्यांना माझे म्हणणे पडताळायचे आहे त्यांनी वाचण्याआधी ऐकावे.

विषम मात्रा म्हणजे काही तरी परदेशी करामत, असा एक समज अलीकडे दिसतो. डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीने १९५९ मध्ये पाच ठोक्यांचे 'टेक फाइव्ह' वाजवले आणि जगाने तोंडात बोट घातले. बाल्कन खेड्यांत तर लोक सातावर आणि अकरावर नाचतात. उत्तमच. पण आपल्याकडे लहान मूल पाचात बोलते याकडे कोणाचे लक्ष नाही. समर्थांचे मनाचे श्लोक २०५, सगळे भुजंगप्रयातात. 'य' गण चार वेळा. एक लघू, दोन गुरू, म्हणजे प्रत्येक गणात पाच मात्रा. संध्याकाळी देवापुढे बसून परवचा म्हणणारे पोर पाचाच्या चार घासांनी ओळ संपवते आणि त्याला कोणी ब्रुबेक म्हणत नाही! दिंडी घ्या: चरणात एकोणीस मात्रा, नऊ आणि दहा अशा फोडलेल्या. १८८० च्या 'शाकुंतला'पासून नाटकमंडळ्यांनी ती गावोगाव नेली. विषमता आमच्या कानात होती. ती गेली असेल तर ती कशाने गेली हे पाहिले पाहिजे.

माझा अनुभव शाळेचा आहे. युवक महोत्सव, समूहगीत स्पर्धा, गणेशोत्सवातले कार्यक्रम यांत गेली कित्येक वर्षे मी परीक्षकाच्या खुर्चीत बसत आलो. पूर्वी ढोलकीवाला मुलीच्या गळ्यामागे जाई. मग कीबोर्ड आला आणि त्यावर ठेक्यांची बटणे आली. बटण दाबले की आठ किंवा सहा. ते यंत्र मुलीसाठी थांबत नाही, मुलीलाच त्याच्यासाठी थांबावे लागते. भोंडल्याची गाणी, भूपाळ्या, ओव्या सगळ्या एका मापाच्या झाल्या. एकदा एका स्पर्धेत सातात गाणाऱ्या मुलीचे गुण 'तालात कच्ची' म्हणून कापले गेले. माझ्या शेजारचे परीक्षक सज्जन होते, संगीताची परीक्षा उत्तीर्ण होते. त्यांना रूपक ठाऊक होता, पण लोकगीत रूपकाच्या घराजवळ राहू शकते हे त्यांच्या मनात आले नाही.

यावर कोणी म्हणेल, लोकगीत बदलतेच. बदलते म्हणून ते जिवंत. मान्य. मामीची ओवीही तिच्या आईच्या ओवीहून निराळी असणार. पण बेगमबाजारातल्या त्या गच्चीवर आणखी एक गोष्ट घडत होती. ओवीचे शब्द त्या घरातून जवळजवळ गेलेले आहेत. जाते रद्दीखाली आहे. उरली आहे ती फक्त चाल, आणि ती चाल आजीची का वाटते, तर तिच्या सातामुळे. सातात दगडाचे वजन आहे, हाताची ओढ आहे, 'बाई ग' आहे. स्वर तर सारे मिळून तीनच. सा, रे, ग हे कुठल्याही गाण्यात सापडतील. त्यांना आठात बसवल्यावर जे राहते ते कोणत्याही घरचे, कोणत्याही प्रांतचे गोड काहीतरी असते. ज्या कुटुंबात शब्द शाबूत आहेत तिथे ताल बदलला तर ओवी सोसेल. जिथे शब्द गेले तिथे एक मात्राही जपून वापरली पाहिजे. सीमेवरच्या आणि सीमेपलीकडच्या मराठी घरांना हे अधिक लागू आहे. मी वर्गात 'करीत आहे' शिकवतो आणि शिकवीन. पण घरी 'करायलो' म्हणणाऱ्या मुलाचे 'करायलो' पुसले आणि 'करीत आहे' त्याच्या तोंडी बसले नाही, तर ते मूल हिंदीतच बोलू लागते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

इ. स. ११२९ च्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. तो ग्रंथ लिहिणारा सोमेश्वर हा कल्याणीचा चालुक्य राजा. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातले. ओवीची ही जुनी नोंद कन्नड मुलखातल्या राजाने संस्कृतात करून ठेवली, हे आपल्या भागातल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या रात्री तसेच काही झाले. मामीच्या बोलण्यानंतर तबलजी थोडे खट्टू होऊन दूध प्यायला उठले. शेजारचे एक तेलुगू गृहस्थ, मसाल्याच्या दुकानात वजनकाट्यावर असतात आणि भजनात मृदंग वाजवतात, ते इतका वेळ कठड्याला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "ये तो चापू है साब. आठ नक्को गिनो." आणि मांडीवर तकिट-तकधिमि धरले. तीन आणि चार. कर्नाटक संगीतात मिश्र चापू म्हणून जो ताल आहे तो लोकांच्या गाण्यातूनच तिथे गेला असे जाणकार मानतात. त्यांच्या हाताला तो मोजावा लागत नव्हता. आमच्या मराठी तबलजीला जी चूक वाटली ती तेलुगू शेजाऱ्याला ओळखीची वाटली.

दुसरे वादन मग या मांडीच्या ठेक्यावर झाले. मामीने 'बाई ग' कुठे ते हाताने दाखवले, मुलाने ऋषभ लांबवला, आणि आठवी मात्रा आपोआप गळून पडली.

नातलग असला तरी वादनातले दोष सांगितले पाहिजेत. जीभ लावून छिद्रे झाकण्याची कला त्याला येते, परंतु संयम नाही. मध्येच दोन-तीन छिद्रे एकदम फुंकून तो सा-ग-प चा घोस काढतो. तो घोस जर्मन गीताला शोभतो, ओवीला नाही. ओवी एकटीची आहे, स्वरही एकेरी हवा. लांबलेल्या ऋषभावर तो वाद्य दोन्ही हातांनी झाकून आवाज थरथरवतो. तिथे क्षणभर मामी जाऊन 'शोले'तला जय येऊन बसतो. सातातल्या पहिल्या मात्रेवर दर वेळी जोर देणे हाही शिकाऊपणा. दगडाला जोर लागतो हे खरे, पण दळणारी ते दाखवत बसत नाही. गंधारावरून ऋषभावर उतरताना मात्र त्याने ओढीचा स्वर किंचित वाकवला. पेटीला हे जमणार नाही. तेवढी जागा मला मामीच्या गळ्याच्या फार जवळची वाटली, आणि एवढ्यासाठी बाकीचे दोष मी सोसायला तयार आहे.

मग त्या तेलुगू गृहस्थांना आपल्या आईचे गाणे आठवले. जात्याला त्यांच्याकडे इसुर्राई म्हणतात. ते गुणगुणू लागले. चाल तीन-चारचीच, पण आरंभ गंधारावर: ग रे सा । रे – – सा. आमच्या 'बाई ग'च्या जागी त्यांच्याकडे 'अम्मा'. मुलगा मागोमाग वाजवू लागला. या चालीत प्रत्येक फेऱ्याला तीन मात्रा बाहेर आणि चार आत, हिशेब उलटा. उधारीऐवजी शिल्लक साचू लागली. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला त्याची छाती भरून आली, गाल फुगले, डोळे मोठे झाले, आणि तरी तो थांबेना. मामी पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "आरं, वैरण घाल की आता!"